दिव्याची वरची काच

मोठ्या पडद्याचं कौतुक माह्यापुढं करू नका. एक मोठा पडदा आमच्या अंगणात झाला होता, इथंच देऊळघाटात, अन् त्याच्यापायी जे भेव मी भोगलं ते वैऱ्याच्या वाट्यालेही नको. पडदा बनवणारे आमचेच मालक. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसते म्हणतात, पण गोष्टीत किती वेळा 'हे' अन् 'ते' करू? इंद्रभान त्यायचं नाव. घ्या, घेतलं.

आमचा मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट होता. त्यात क्रॉसिंगचं काम असते. उद्या उमलणारी कळी आज चिमट्यानं उघडायची, आतले बारीक बारीक नर, म्हणजे पुंकेसर, एकेक करून काढायचे अन् दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचा पराग तिले लावायचा. एक नर आत राह्यला तं ते बियाणं बाद. हे काम माह्यासारखं गावात कोणाले जमत नव्हतं, मी फुशारकी मारून नाही राह्यली. सासूबाई, सत्यभामाबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत, "आमच्या सिंधूले मुंगीचे पाय मोजाले लावा." माह्या डोळ्यावर आमचं घर चालत होतं, एवढं ध्यानात ठेवा.

माह्या नवऱ्याले, यायले, दुसराच नाद. मोटरचा स्टार्टर खोल, रेडिओ खोल. बुलढाण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासनं एलसीडीचा एक चपटा मॉनिटर फेकून दिला, तो हे पोत्यात घालून घेऊन आले. त्याच्यावर काहीच दिसत नव्हतं. मागून बॅटरी मारली की मात्र चित्र दिसे, भुतासारखं.

"सिंधू, चित्र जित्तं हाय. नुसता उजेड मेला," हे म्हणाले.

मग दुसरा उजेड घालायचा ठरवला. मॉनिटर सोलून आतली नुसती पातळ काच काढली. प्लायवूडच्या पेटीत ती उभी केली. तिच्यामागं रस्त्यावर असतो तसा मर्क्युरीचा दिवा, कापसाच्या जिनिंगच्या भंगारातला. पुढून झेरॉक्स मशीनचं भिंग. आठ दिवस माणूस ताटावर बसे, पण ताटात काय हाय ते पाहे ना. पहिल्या दिवशी भिंतीवर सगळं पिठलं कालवल्यासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी चित्र असं लख्ख, की नथीतले मोती मोजून घ्या. काय केलं म्हणून मी विचारलं तं म्हणे, "युक्ती."

मग काय! माह्या भाचीच्या लग्नाची डीव्हीडी लावायची ठरली. दिवस मावळला तशा आळीतल्या बाया सतरंज्या घेऊन आल्या. भिंतीवर चादर, चादरीवर नवरी, अन् जो तो आपण कुठं दिसतो ते शोधून राह्यला. शेजारच्या मंजुळाबाई तं स्वतःले जेवताना पाहून अशा लाजल्या की विचारू नका. अर्ध्या तासानं नवरीच्या गालावर काळा डाग आला. डाग पसरला, अर्धं तोंड खाल्लं. पेटीतला पंखा बंद पडला होता अन् काच तापली होती. यायनं पेटीचं बाजूचं झाकण काढलं, माह्या हातात सूप देलं.

"वारा घाल. थांबू नको, नाहीतं काच जाईन."

मी घातला. दीड तास. डाग गेला, लोकायनं लग्न पाह्यलं. मी लग्न काही पाह्यलं नाही. मी झाकणातून आत पाहत बसली. आत बोटाएवढा एक निळसर-पांढरा उजेड होता, अन् काय होतं त्यात कोण जाणे, नजर हटतच नव्हती.

पहाटे जाग आली ती डोळ्यात कोणी वाळू भरल्यासारखी. वाटलं, मिरचीचा हात लागला. पाणी मारलं, आणखी पेटले. पापणी उघडाले गेली तं अशी कळ आली की मी ओरडली. सासूबाई धावत आल्या.

"डोळे आले वो बाई हे. दूध घाला."

"काही घालू नको!" हे एवढ्या जोरानं बोलले की सासूबाई मागं सरल्या. एरवी तोंडाले कुलूप नसलेला माणूस शर्ट घालताना श्वास कोंडून उभा होता, ते मले डोळे मिटून ऐकू आलं. आंधळी झाली तं? हाच एक प्रश्न. मिरची नाही, घर नाही, काही आठवलं नाही. आंधळी झाली तं मी काय करू?

मोटरसायकलवर यायच्या पाठीले डोकं टेकवून बुलढाण्यापर्यंत गेली. गाडी कुठं वळते, समोरून ट्रक येते का, काही कळत नव्हतं.

डोळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं थेंब टाकले, तेव्हा कुठं पापण्या उचलता आल्या. सगळं पांढरं धुकं. त्यायनं यंत्रातून पाह्यलं अन् विचारलं, "वेल्डिंगजवळ बसला होतात का?"

"नाही."

"दुसरा कशाचा झगझगीत उजेड? आठवून सांगा."

मले वाटलं, आता हे सांगतीन. पेटी यायची, दिवा यायचा. मी वाट पाह्यली.

"नाही मॅडम," हे बोलले. "शेतातच असते हे. मिरची गेली असंन."

"मिरचीनं असं होत नाही. मग जंतूंचं असलं तर अवघड आहे. बुबुळ खरवडून तपासावं लागेल. आजच्या आज अकोल्याला न्या."

खरवडून! अन् हा माणूस अजूनही दिव्याचं नाव काढेना! मी यायचा आवाज होता तिकडं तोंड केलं अन् म्हटलं, "मॅडम, काल दीड तास मी दिव्यात पाहत होती. यायनं पिच्चरची पेटी बनवली, मर्क्युरीच्या दिव्याची. मी हातभरावर बसून वारा घालत होती."

"मर्क्युरीचा? वरची काच होती ना त्याला?"

मले काय माहीत?

"मी फोडली," हे म्हणाले. आवाज असा, की माणूस दुसराच. "टॉवेलात गुंडाळून. वरच्या पांढऱ्या काचेनं उजेड फाकत होता, चित्र साफ येत नव्हतं."

डॉक्टरीणबाईनं यायले असं झापलं की मले इतक्या दुखण्यातही बरं वाटलं. ती काच शोभेची नसते, आतला जहरी उजेड अडवाले असते, म्हणे. मग माह्या दोन्ही डोळ्यावर पट्ट्या बांधल्या. "दोन दिवसांनी उघडा. बुबुळाची साल भाजली आहे, भरून येईल बहुतेक."

"बहुतेक?"

"उघडल्यावर कळेल."

घरी आल्यावर मी यायले विचारलं, "काऊन खोटं बोलले?"

"भेव वाटलं."

"कशाचं?"

"खरं सांगतलं तं खरंच होईन, असं वाटलं."

मी भिंतीकडं तोंड करून पडली. भाकर हे भरवत तं मी तोंड फिरवून घेई. मग भूक लागली की मुकाट्यानं खाई. डोळ्यात सारखं टोचे, अन् टोचणं थोडं थांबलं की आणखी भेव वाटे, की आता काहीच लागत नाही म्हणजे गेलेच का?

दुसऱ्या दिवशी सासूबाई मजूर बायांसोबत प्लॉटवर गेल्या. कळ्या माह्यासाठी थोड्याच थांबणार होत्या? घरात मी एकटी. हे कुठं गेले ते माहीत नाही. दुपारी लाइन, म्हणजे वीज, आली, शेजारच्या रामरावाची पाण्याची मोटर सुरू झाल्याचं ऐकलं. बऱ्याच वेळानं ती मोटर बंद झाली, तं तिच्याखाली दडलेला दुसरा आवाज ऐकू आला. गुंऽऽ असा, एकसारखा. पेटीतल्या दिव्याच्या चोकचा.

मी हाक मारली. भिंत चाचपत, चुलीचा कठडा ओलांडत मागच्या खोलीच्या दारात गेली. तोंडाले धग लागली.

"कोण हाय?"

"मी हावो."

"झाकण उघडं हाय?"

"हाव."

"अन् तुम्ही कुठं पाहून राह्यले?"

मी चौकट धरून आत सरकली.

"अहो, कुठं पाहून राह्यले!"

"आत."

"कधीपासून?"

"लाइन आली तेव्हापासून. तू बसली होती तेवढं होऊ दे."

देवा! मी जी धडपडत गेली, पेटीले अडखळली, हाताले यायचं डोकं लागलं. दोन्ही तळव्यायनं यायचे डोळे दाबून धरले अन् दिव्याकडं पाठ करून उभी राह्यली. तोंडाले येतीन त्या शिव्या देल्या, माह्या बापानंही असे शब्द ऐकले नसतीन. "बटन बंद करा! अक्कल गहाण टाकली का? मले आंधळीले कोण पाहीन? तुमच्या बुढ्या मायले कोण पाहीन?"

यायनं चाचपून बटन बंद केलं. तळव्याखाली डोळे ओले झाले होते.

"तुहे उघडले तं माहेही उघडतीन," हे म्हणाले. "नाही उघडले तं दोघं संग."

"मले नको असा संग! मले डोळे पाह्यजेत, माहेही अन् तुमचेही!" मी म्हटलं, अन् तिथंच मातीत बसून रडली. पट्ट्या भिजल्या.

पहाटेपासून हे कण्हाले लागले. ती वाळू, ती आग, सगळं मले ठाऊक होतं. सकाळी सासूबाईनं माह्या पट्ट्या सोडल्या. मी डोळे मिटूनच बसली. मिटले होते तोवर आशा होती ना! मनात दहा मोजले, मग वीस मोजले.

"उघड ना," शेजारून हे म्हणाले.

उघडले. आधी उजेडच नुसता, मग टिनाचं छप्पर, छपराची पन्हाळी, सासूबाईच्या कपाळावरचं गोंदण, त्याचा एकेक ठिपका. अन् खाली बाजेवर हे, पापण्या टम्म सुजलेल्या, गालावरून पाणी चाललेलं.

यायचं तोंड पाहून मी हुंदके देऊन रडाले लागली. यायले वाटलं काय झालं. हात पुढं करून माहं तोंड चाचपाले लागले, बोटाले आसवं लागली.

"गेले का? सिंधू, गेले का?"

"दिसते!" मी ओरडली. "तुमचं वाटोळं होवो, सगळं दिसते!"

हे हसले. खरंच हसले, तोंड वाकडं करून. मग माहा हात धरून आपल्या पापणीवर नेला.

"आता माहे तू उघडून पाह्य. माह्यानं होत नाही."

हात तिथंच राह्यला. पापणी उचलाची माही काही केल्या हिंमत होईना.