व्याह्याचं पथ्य

दोन वर्षं ओराझखानच्या छातीत आग होती. करपट ढेकरा, जळजळ, आडवं झालं की आंबट पाणी थेट घशाशी. शेवटी त्याच्या बायकोनं, कुलाशनं, सूत्रं हातात घेतली. चरबी बंद, कडक चहा बंद, जेवण थोडं आणि दिवसाउजेडी, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. दोन महिने गडी ओटची लापशी आणि उकडलेला भोपळा खाऊन राहिला आणि माणसांत आला. मटणावर पोसलेला कझाख माणूस आणि भोपळा! गावानं हसून घेतलं, हसू दे मेलं.

आज तो मुलीची सोयरीक पक्की करायला होणाऱ्या व्याह्याच्या, टोलेगेनच्या घरी आला होता. निघताना मुलीनं, बालझाननं, दारातच अडवलं होतं. ती तालुक्याच्या दवाखान्यात नर्स.

"बाबा, लग्नानंतर माझी नोकरी चालू राहील ना, तेवढं विचारा. पण चरबी-काळीज खायच्या आधी. ते खाल्लंत म्हणजे शब्द दिलात. मग कोण ऐकतंय?"

"विचारतो गं बाई, विचारतो!"

पण हा पडला भिडस्त. चहा झाल्यावर विचारू म्हणाला. चहाचे चार कप भिडेपोटी रिचवले, मटण आलं, तेही चिवडत खाल्लं, घसा चुरचुरायला लागला, तरी प्रश्न काही बाहेर पडेना. तेवढ्यात विहीण रायखान ताट घेऊन समोर बसली. मेंढीच्या शेपटीची पांढरीधोप चरबी, काळजाचे काप, वर आंबट दही. हे विहिणीनं हातानं भरवायचं असतं.

"विहीणबाई, मला पित्ताचा त्रास आहे हो. डॉक्टरनं—"

"अगं बाई! सोयरीक नको असेल तर सरळ सांगा ना. पित्ताच्या आड कशाला लपता?"

"छे छे, तसं नाही! मला एक विचारायचं होतं..."

"आधी खा, मग विचारा!" टोलेगेन गरजला. सगळी बैठक हसली.

सगळे टक लावून बघत होते. ओराझखाननं मनात स्वतःलाच दटावलं: मेल्या, आत्ता बोल! पण रायखानचा हात ओठांना टेकला होता. त्यानं तोंड उघडलं. एक घास, दुसरा, तिसरा. गिळले.

"बघा! पथ्य म्हणे!" रायखान सगळ्यांकडे वळली. "आमच्या घरात नकार चालत नाही. बापानं ऐकलं, लेकही ऐकेल. दवाखान्याचं खूळ आठवड्यात उतरवते की नाही बघा."

ओराझखान ताडकन उठला. आता त्याला बोलायचंच होतं, सोयरीक मोडली तरी चालेल. पण छातीतून आगीचा लोळ वर आला आणि घसा सोलून गेला. आवाज फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

म्हाताऱ्यांनी दुवेसाठी हात उचलले.

"लेकीचं ठरलं की बापाचा कंठ दाटतोच," रायखान मायेनं म्हणाली. त्याचं तोंड उघडंच होतं. तिनं चौथा घास आत सारला.