जयवंताच्या गालातून निघालेली मी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अंगाचा एक कण. लासुर्ण्याच्या जयवंताबाईच्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला माझा जन्म झाला. सध्या मुक्काम तिच्या उजव्या फुप्फुसात आहे. गालातली पेशी फुप्फुसात काय करते, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसले आहे. त्यात माझी अब्रू जाणार, हे मला ठाऊक आहे.

गालात आम्ही लाखो जणी दाटीवाटीनं राहायचो. प्रत्येकीनं शेजारणीचा हात घट्ट धरून ठेवायचा, हा तिथला पहिला नियम. आमच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते शेजारणीच्या प्रथिनात अडकतं, त्यालाच मी हात म्हणते. कडक भाकरी घासून जावो नाहीतर चहाचा चटका बसो, आम्ही जागा सोडत नसू. थोडे दिवस राबायचं, झिजायचं, आपल्यासारखीच एक मागं ठेवायची आणि गळून जायचं. साधं आयुष्य होतं. मला ते आवडायचं.

आम्हा प्रत्येकीच्या पोटात जनुकांची एक पोथी असते. गालातल्या पेशीची पोथी आणि डोळ्यातल्या पेशीची पोथी एकच, अक्षराचाही फरक नाही. मग गाल वेगळा आणि डोळा वेगळा कसा? तर कुणी कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, हे ठरलेलं असतं. हात धरायचं पान आमच्याकडे कायम उघडं. पोथीत चालायचंही एक पान आहे. जयवंता आईच्या पोटात घडत होती तेव्हा पेशींना इथून तिथं जावं लागायचं, तेव्हा ते वाचलं गेलं. काम झाल्यावर ते मिटलं, ते मिटलंच.

सतराव्या वर्षी जयवंता लासुर्ण्यात नांदायला आली. सासूनं तिला मिश्री करायला शिकवलं. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, सकाळी दातांना लावायची आणि उरलेली चिमूट डाव्या गालात धरायची. दुपारी उसाच्या बांधावर पुन्हा एकदा, संध्याकाळी पुन्हा. अशी पस्तीस वर्षं गेली. त्या काळ्या भुकटीनं आमच्या पोथीतली काही अक्षरं बिघडवली आणि आम्ही गळून जायचं विसरून भान सोडून वाढत सुटलो. आधी पांढरा चट्टा आला, मग जखम. जखम ठणकली की जयवंता तिच्यावरच मिश्री दाबायची, कारण मिश्रीनं जागा बधिर होते.

अक्षरं बिघडली म्हणून मी वाढले. पण घर सोडलं ते तेवढ्यानं नव्हे. हात धरायच्या पानावर बारीक बारीक टाचण्या, म्हणजे रसायनाचे कण, बसत गेल्या. पान फाटलं नाही, एक शब्द पुसला गेला नाही, फक्त ते उघडेना. आणि इतकी वर्षं मिटलेलं चालायचं पान हळूच उघडायला लागलं.

घरात पहिल्यांदा लक्षात आलं ते सुनेच्या, सोनमच्या. सासू उजव्याच बाजूनं जेवते, मान कलती करून गार चहा पिते, हे तिनं महिनाभर पाहिलं.

"आत्या, तोंड उघडा बरं."

"काय न्हाय गं, दाढ हाय."

तोंड दोन बोटांपलीकडं उघडेना. सोनमनं तिला इंदापूरला दातांच्या डॉक्टरकडं नेलं, तिथून बारामतीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गालाचा नखाएवढा तुकडा तपासायला काढला. आठ दिवसांनी कॅन्सर म्हणून सांगितलं. "गाठ अजून गालातच आहे. महिन्याच्या आत ऑपरेशन करू, गालाचा थोडा भाग काढावा लागेल." त्या दिवशी, मित्रांनो, माझा एक हात सुटला होता आणि एक अजून शेजारणीच्या हातात होता. बाईंनी महिना सांगितला तो उगाच नव्हे.

संध्याकाळी मोहनराव आले. ते जयवंताच्या नवऱ्याचे, दादासोंचे थोरले चुलत भाऊ. वस्तीवर त्यांच्या शब्दाला मान.

"गाठीला हत्यार लागलं की ती पसरती, दादासो. तुकडा काढू दिला तितंच चुकलं. आता म्होरं कापू नगा."

"मामा, डॉक्टर महिनाच म्हणल्यात," सोनम सासऱ्यांना म्हणाली.

"तिचं तोंड फाडल्यालं बघवंल का मला?" दादासो म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

ते निर्दयपणानं बोलले नाहीत. माणसाचा जीव होता बायकोवर. आणि जयवंतालाही तेच हवं होतं. गावात कुठंही हळद असली की गाणी म्हणायला पहिलं बोलावणं तिला. गाल गेलेल्या बाईला कोण बोलावणार, ही भीती तिनं कुणाला सांगितली नाही. मला ती माहीत होती, कारण आम्ही एकाच अंगातल्या.

भिगवणकडचा एक जण झाडपाल्याचा लेप द्यायचा. मीठ बंद, आंबट बंद, मासळी बंद. लेप गार होता, ठणका कमी झाला, आणि सगळ्यांना वाटलं, उतार पडतोय. असे चार महिने गेले. ऊस कारखान्याला गेला, शेत मोकळं झालं, आणि मी दुसरा हात सोडला.

निघाले आणि मानेतल्या लसीकागाठीत, म्हणजे प्रत्येकाच्या मानेत मुळातच असते तशा बारीक गाठीत, शिरले. तिथं गंमत बघा, चालायचं पान मी पुन्हा मिटलं, कारण चालणारीला घर मांडता येत नाही. वाढायचं पान उघडलं आणि संसार थाटला. जबड्याखाली सुपारीएवढा गोळा आला तेव्हा सोनमनं कुणाचं ऐकलं नाही, सासूला बारामतीला नेलंच. तोवर चालायचं पान पुन्हा उघडून मी फुप्फुसात पोचले होते. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघितला आणि ऑपरेशनची वेळ गेली म्हणून सांगितलं.

मग सलाईनमधून औषधं दिली. आमच्यातल्या पुष्कळजणी मेल्या. मी बहुतेक पानं मिटून झोपून राहिले आणि औषधं थांबल्यावर उठले. पानांवरच्या टाचण्या काढायची औषधं शोधायचं काम चालू आहे, असं बाई सोनमला म्हणाल्या. जयवंताच्या हाताशी मात्र त्यातलं काही नव्हतं.

परवा दुपारी मोहनराव बायकोला, साखरबाईला घेऊन भेटायला आले. जयवंता खाटेवर होती. तिला आता बोलता येत नाही.

"तरी म्या म्हणलं व्हतं," मोहनराव म्हणाले. "तुकडा काढला, तितनंच पसरलं."

दादासोंनी मान हलवली. खोटं आहे हो ते! मी कधी सुटले, कशानं सुटले, हे माझ्याशिवाय कोण सांगणार? पण मला तोंड नाही, आणि जिला आहे तिचं उघडत नाही. जयवंता गेली की वस्तीवर हेच सांगतील. पुढच्या बाईला बारामतीला जाऊ देणार नाहीत.

सोनमनं चहा दिला. साखरबाईनं तो फुंकून फुंकून गार केला, मान उजवीकडं कलती केली आणि घोट घेतला. जयवंतानं ते पाहिलं. तिनं साखरबाईचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं स्वतःच्या गालावर टकटक केलं, मग साखरबाईच्या गालाकडं बोट केलं.

"काय म्हणती गं ही, सोनम?" साखरबाईनं विचारलं.

सोनमला कळलं. "काकू, तोंड उघडा बरं."

साखरबाईनं पदर तोंडावर ओढला. "मला काय झालंय? दाढ हाय."

"चला, त्यास्नी पडू द्या," मोहनराव उठले.

जयवंता मनगट सोडेना. तिच्यात एवढा जोर उरला असेल असं मलाही वाटलं नव्हतं. शेवटी साखरबाईनं तिचं एकेक बोट सोडवलं, पदर सावरला आणि नवऱ्यामागं निघून गेली.

मित्रांनो, साखरबाईच्या गालात माझ्यासारखी एक असेल. कदाचित तिनं अजून शेजारणीचा हात धरलेला असेल. ती तिथं आहे तोवरच तिला गाठा आणि कापून काढा. मला फार उशिरा शोधायला आले. मी निघून गेले होते.