बोट त्याचं, आळ माझ्यावर

मी एक जुना कॅमेरा आहे, पोटात रोल घालावा लागतो त्या जातीचा. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना गळा दाटून यावा अशी रीत आहे. माझा गळा दाटत नाही. मला राग येतो, आणि तो का येतो तेच सांगायला मी बसलो आहे.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा एका तपासनीस बाईंनी माझा खटका कानाशी धरून दाबला होता. खटाक! आवाज खणखणीत आहे म्हणून त्यांनी खूश होऊन मान हलवली. त्याच आवाजावरून पुढे माझी अब्रू जाणार होती.

मालकाने मला विकत घेतलं ते डोंगर, तळी आणि माळरानांचे फोटो काढायला. त्याचा एकच नियम होता: गवत थांबलं की दाबायचं. वारा पडेपर्यंत तो खटक्यावर बोट ठेवून बसून राही. शेजारी त्याची बायको थर्मास घेऊन बसलेली असे. "अहो, त्या गवताशीच लग्न करायचं होतं तुम्ही," ती म्हणायची. पण फोटो असे यायचे की लोक म्हणत, काय डोळा आहे हो तुमचा! डोळा माझा होता, पण तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

गवताच्या फोटोंवर घर चालेना, म्हणून मालक गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढू लागला. तिथे काहीच थांबत नाही. गर्दी कोपर मारते, ढोलाच्या दणक्याने माझे स्क्रूसुद्धा थरथरतात. त्या दणक्यातच खटका दाबायचा म्हणजे आवाज झाकला जातो, हे मालक शिकला. निदान मला तसं वाटलं होतं.

मग एका गायिकेचा कार्यक्रम आला. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते, म्हणून हे शेवटचं गाणं रेकॉर्ड होत होतं. गाता गाता त्यांनी आवाज अगदी बारीक केला, डोळे मिटले आणि त्या थांबल्या. वाद्यं थांबली. सभागृहाने श्वास रोखला. आणि मालकाच्या बोटाला वाटलं, गवत थांबलं.

खटाक!

त्यांनी डोळे उघडले. तुटलेला सूर पुन्हा जुळेना. त्या गाणं अर्धवट सोडून उठल्या. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या, तेव्हा मालकाने मला उंच धरलं आणि म्हणाला, "कॅमेरा बिघडलाय. आपोआप उडाला."

मी! आपोआप! मित्रांनो, माझ्या जन्मात मी कधी आपोआप उडालेलो नाही.

ऑपरेशन झालं, आवाज गेला. त्यांची मुलगी स्टुडिओत आली. निदान त्या क्षणाचा फोटो तरी आईला बघू दे, म्हणाली. मालकाने रोल खराब झाल्याचं सांगितलं. साफ खोटं! रोल माझ्या पोटात धडधाकट होता. पण तो धुतला असता तर इतका नेमका फोटो आपोआप येतो कसा, असं कुणीही विचारलं असतं. म्हणून त्याने मला रोलसकट फळीवर ठेवलं आणि बिनआवाजाचा नवा कॅमेरा घेतला. आता लोक त्याच्या शांत कामाचं कौतुक करतात. मी फळीवरून ऐकतो आणि जळफळतो.

वर्षं गेली. परवा त्या गायिका पासपोर्टच्या फोटोसाठी नातीला घेऊन आल्या. नात रडू लागली म्हणून मालकाने, हो, मालकानेच, मला खेळणं म्हणून तिच्या हातात दिलं. आपण आत काय लपवलंय तेही विसरला होता शहाणा. पोरीने माझी कळ वर ओढायला सुरुवात केली. अजून जरा ओढली असती तर माझी पाठ उघडली असती आणि उजेडाने तो क्षण गिळला असता.

"उघडू नकोस गं बाळा," मालकाची बायको आतून धावत आली. "आत रोल आहे."

गायिकाबाईंनी कुजबुजत विचारलं, "कुठला रोल?" आता त्यांना तेवढंच बोलता येतं.

मालक नवा कॅमेरा पुसू लागला. बायको म्हणाली, "सांगा आता. नाहीतर मी सांगते."

"ताई, त्या दिवशीचा," तो खाली बघत म्हणाला. "खटका मीच दाबला होता. माफ करा."

त्या रागावल्या नाहीत. मला नातीकडून घेऊन त्यांनी मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे मी गातानाचा फोटो आहे?"

मालकाने रोल मागे गुंडाळला. तो आता धुवायला गेला आहे. इतक्या उन्हाळ्यांनंतर त्यावर काय उरलं असेल, मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, जुन्या कॅमेऱ्याची पाठ उघडण्याआधी रोल मागे गुंडाळत जा. आणि आपल्या बोटाचा दोष आमच्यावर ढकलू नका, कारण आम्हाला उलटून बोलता येत नाही. मालकाने ताईंची माफी मागितली. माझी अजून मागितलेली नाही.