तोफेवरचा सातवा माणूस

कोंडाजींनी लेकीसाठी मागे काय ठेवलं, तर तोफा. खऱ्या नव्हेत, फोटोतल्या. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तेहतीस वर्षं काढलेल्या या माणसाला ना दारूचा नाद होता ना पत्त्यांचा. सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरच्या रद्दीवाल्यांकडे उकिडवं बसून जुन्या लढायांचे फोटो हुडकायचे, घरी आणून अल्बममध्ये चिकटवायचे आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं: साल कुठलं, तोफ किती इंची, गोळा किती मैल जातो, माणसं किती. चिखलात रुतलेल्या तोफा, वाळवंटातल्या तोफा, युद्धनौकांवरच्या तोफा. बायको म्हणायची, घरात देवाचे दोन फोटो आणि मारेकऱ्यांचे चारशे. कोंडाजी हसायचे. नूतनला जवळ घेऊन एकेका माणसाचं काम समजावून सांगायचे. हा नेम बघतो, हा नळी फिरवतो, हा गोळा आणतो, हा भरतो. यातला एक पडला की दुसरा त्याच्या जागी उभा राहतो. पडलेल्याकडे बघायचंसुद्धा नाही. तोफ थांबता कामा नये.

लहानपणी नूतनला याचं काही वाटायचं नाही. मोठी झाल्यावर तिने बदलापूरला कात्रपमध्ये फ्लेक्स डिझाइनचं दुकान टाकलं, तेव्हा बाबांचा अल्बम काउंटरच्या खणात आला आणि बाबांचा फोटो हार घालून भिंतीवर गेला. धंद्याला तोटा नव्हता. बदलापुरात कुठल्याही चौकात मान वर करा, कुणीतरी गॉगल लावून तुमच्याकडे बघतच असतो. वाढदिवस एकाचा आणि शुभेच्छुक चाळीस. कुणाला मागे वाघ हवा असतो, कुणाला सिंहासन. ज्याने आयुष्यात घरातल्या उंदराला हाकललं नाही, त्यालाही वाघ हवा असतो.

अमितला तोफ हवी होती.

"ताई, मना तोफ पायजे," काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून तो म्हणाला. "अशी मोठी. आन तिचं तोंड हितेशचे गेटकडं."

अमित आणि हितेश सख्खे चुलतभाऊ. एका ताटात जेवून वाढलेले. आजोबांच्या जमिनीच्या वाटणीवरून बिनसलं आणि आता एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. हे सगळ्या कात्रपला ठाऊक होतं, नूतनलाही. तिने तेव्हाच हात जोडून वाघ घ्या म्हणायला हवं होतं. पण बाबांच्या तोफेला गिऱ्हाईक आलं याचाच तिला आनंद झाला. अक्कल गहाण पडायला तेवढं पुरतं.

तिने अल्बममधून एक फोटो काढला. लढाऊ जहाजाचा डेक, तिरकी रोखलेली लांबलचक नळी आणि तिच्याभोवती टोप्या घातलेले खलाशी. खाली बाबांचं अक्षर होतं: '१९४३. आपल्या आरमाराची चार इंची तोफ. माणसं सात.' फोटो पोस्टकार्डाएवढा होता, त्यातले चेहरे तिळाएवढे. वीस फुटांच्या फ्लेक्सवर ताणल्यावर चेहऱ्यांचे नुसते डाग झाले. मग त्या धडांवर अमितची माणसं बसवायची असं ठरलं. त्याने सहा फोटो पाठवले: तो स्वतः, गावातले चार मित्र आणि त्याच्याकडे जेसीबी चालवणारा नाथा.

सातवं धड डागासकट उरलं. अमितला फोन लावला तर तो उचलेना. प्रिंटिंगला उल्हासनगरच्या मुकेशकडे फाइल तासाभरात पाठवायची होती. नूतनच्या कॉम्प्युटरवर नवऱ्याचा एक फोटो होता, विनीतचा. क्लासच्या जाहिरातीसाठी काढलेला, समोर बघणारा, उजेड चांगला. तिने तो चेहरा कापून सातव्या टोपीखाली बसवला. गणिताचा मास्तर, पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारा, तो हातात तोफेचा गोळा धरून उभा राहिला. तिला हसू आलं. संध्याकाळी त्याला दाखवून चिडवू असं तिने ठरवलं आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेली.

शुक्रवारी सकाळी फ्लेक्स चढला. तोफेचं तोंड बरोबर हितेशच्या गेटवर.

हितेशचा बाप हरिचंद्र सत्तरीचा होता. दूध आणायला म्हणून तो बाहेर पडला आणि समोर बघतो तर पुतण्याने त्याच्या उंबऱ्यावर तोफ रोखलेली. म्हातारा परत आत गेला तो कोयता घेऊनच आला. एकटाच शिडी चढावी तसा बांबूंवर चढला आणि दोऱ्या कापायला लागला. खाली अमितची पोरं वाढदिवसाचं स्टेज बांधत होती. कुणी त्याचे पाय ओढले. म्हातारा आपटला. पडल्या पडल्या त्याने कोयता फिरवला तो एकाच्या पोटरीत गेला. मग तोंडाला रुमाल बांधलेल्या एकाने लोखंडी सळई उचलली. पहिला घाव कोपरावर बसला आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. दुसरा तोंडावर. हरिचंद्रचा डावा डोळा तिथेच गेला. अर्धवट दोऱ्या कापलेला फ्लेक्स वरून सुटून त्याच्या अंगावर पडला आणि त्याच्याखाली म्हातारा तडफडत राहिला. पाच मिनिटांत चौक रिकामा झाला. अमित आणि त्याचे चार मित्र गाडीत बसून पसार झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूतन डबा उघडत होती, तेव्हा दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. हितेश आत आला. बरोबर दोघं होते, त्यातल्या पिवळ्या शर्टवाल्याच्या खांद्यावर गुंडाळलेला फ्लेक्स होता. त्याने तो काउंटरवर उलगडला. वाळलेलं रक्त करकरलं आणि त्याच्या खपल्या तिच्या भाजीत पडल्या.

"ही तुज्याकडं बनवली ना?" हितेशने विचारलं. आवाज शांत होता. त्याने कोयता कीबोर्डवर ठेवला. "बापाला मारणारा तोंड बांधून होता. हे पाच मना म्हायती हायेत, ते पलाले. ह्ये दोन कोन?"

त्याचं बोट आधी नाथावर टेकलं आणि मग विनीतवर.

भिंतीवरून बाबा बघत होते.

"बोल ना, पटापट," पिवळ्या शर्टवाला म्हणाला आणि त्याने मॉनिटर उचलून जमिनीवर आपटला. काच तिच्या पायांवर उडाली. मग त्याने तिचा हात धरून काउंटरवर दाबला, बोटं पसरवली. हितेशने कोयता उचलला. "तू डिझाइन बनवली. तुला नावं म्हायती हायेत. एक एक बोट जाईल."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी नूतनच्या डोक्यात नाथाबद्दल काहीच वाईट नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी तो व्हिजिटिंग कार्ड करून घ्यायला आला होता. 'जेसीबी भाड्याने मिळेल', खाली पत्ता, मोबाइल. 'ताई, नाव जरा मोठं टाका' म्हणून लाजला होता. भला माणूस होता. पण विनीत तिचा होता. एवढाच हिशेब होता, आणि तो करायला तिला एक श्वाससुद्धा लागला नाही.

"हा नाथा," ती म्हणाली. "जेसीबीवाला. पाण्याच्या टाकीजवळ राहतो."

"आन हा?"

"हा कुणी नाही. हा जुन्या फोटोतला खलाशी आहे. अमितने सहाच फोटो दिले होते."

हितेशने तिच्याकडे रोखून बघितलं. तिने मोकळ्या हाताने खण उघडला, अल्बम काढला आणि ते पान त्याच्यासमोर धरलं. सातव्या माणसावर बोट ठेवलं. तिळाएवढा चेहरा, टोपीच्या सावलीत. "बघ. हाच. मेला पण असेल आता. खाली लिहिलंय बघ बाबांनी, माणसं सात."

पिवळ्या शर्टवाल्याने वाकून बघितलं. इतका बारीक चेहरा इतका स्पष्ट कसा झाला, एवढंच त्याने विचारलं असतं तर सगळं संपलं होतं. त्याने ते विचारलं नाही. रागाने माणूस आंधळा होतो ते एकेकदा दुसऱ्याच्या पथ्यावर पडतं. हितेशने कोयता पँटीत खोचला आणि तिघे निघून गेले.

नूतनने मोबाइल उचलला. नाथाचा नंबर त्यात होता. पाच मिनिटांत त्याला सांगता आलं असतं, पळ म्हणून. तिने नाव काढलं, अंगठा त्यावर धरला. मग तिच्या मनात आलं, तो पळाला तर हे परत येतील. विचारतील, त्याला कुणी कळवलं. आणि मग सातव्याबद्दल पुन्हा विचारतील. तिने फोन उपडा ठेवला आणि काच झाडायला घेतली.

नाथा एका बिल्डिंगच्या पायासाठी खड्डा खोदत होता. त्यांनी त्याला जेसीबीच्या केबिनमधून केसांना धरून खाली खेचलं. आधी दोन्ही नडग्या फोडल्या, म्हणजे पळणार नाही. तो ओरडून सांगत होता, मी काल दिवसभर इथंच होतो, मुकादमाला विचारा. मुकादम सिमेंटच्या गोण्यांमागे बसून होता. हितेशने नाथाच्या खांद्यावर, मानेवर, डोकं वाचवायला वर केलेल्या हातांवर कोयता चालवला. एका हाताची तीन बोटं मातीत पडली. मग त्यानेच खोदलेल्या खड्ड्यात त्याला लोटून दिलं. उल्हासनगरच्या दवाखान्यात तो दोन दिवस जगला.

आठवड्याने अमित सापडला. सळई त्यानेच मारली होती, स्वतःच्या काकाला. रुमालही त्याचाच. हितेशही आत गेला. पण पिवळ्या शर्टवाला मोकळा होता. दिवसातून दोनदा तो बाइकवरून दुकानासमोरून जायचा आणि वळून बघायचा. नूतन रात्री विनीतच्या अंगावर हात टाकून झोपायची. त्याने कारण विचारलं की म्हणायची, काही नाही, भीती वाटते. त्याला तिने काहीच सांगितलं नव्हतं.

नाथाच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी एक बाई दुकानात आली. काळीसावळी, कपाळ मोकळं, हातात पिशवी. नाथाची आई, कौसाबाई. देशावरून आली होती. पिशवीतून तिने फ्लेक्सचा कापलेला तुकडा काढून काउंटरवर पसरला. नाथा आणि त्याच्या शेजारी विनीत.

"अमितच्या घरच्यांनी दिला," ती म्हणाली. "असाच दुसरा बोर्ड त्यांच्या इमारतीवरनं उतरवून ठिवला व्हता म्हनं, त्याच्यातला. माझ्या लेकराचा चांगला फोटू हाच येक हाय. किती ऐटीत हुबा हाय बगा. ह्याचा श्रद्धांजलीचा बोर्ड करा. चौकात लावायचा."

नूतनने मान हलवली. नव्या मॉनिटरवर तिने नाथाचा चेहरा घेतला, टोपी काढली, मागे पांढरा प्रकाश टाकला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली 'शोकाकुल' म्हणून फोटोंची एक रांग असते, ती रिकामी राहिली.

"त्याचं हितं कुनीच नाही," कौसाबाई म्हणाली. "खाली ह्या शेजारच्याचा टाका. मैतर असंल, त्याबिगर हुबा राह्यला नसता."

तेवढ्यात विनीत जेवणाचा डबा घेऊन आत आला. नूतन तो घरी विसरली होती. कौसाबाईने त्याच्याकडे बघितलं, तुकड्याकडे बघितलं आणि उठून त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"तूच की रं ह्यो. तू तरी वाचलास, बाबा."

विनीतने वाकून फ्लेक्स बघितला. आपलाच चेहरा, टोपीखाली. "नूतन, हे काय आहे?"

"येवढं इचारायचं व्हतं," कौसाबाई त्याचा हात न सोडता म्हणाली. "माझ्या लेकराला त्या लोकांत कुनी वळखत नव्हतं म्हनं. मग त्येचं नाव कुनी सांगितलं? तुला ठावं हाय का?"

"नाही मावशी," विनीत म्हणाला. "मी तर तुमच्या मुलाला भेटलोही नव्हतो कधी." मग त्या बाईचा चेहरा बघून त्याला राहवलं नाही. "पण माझा फोटो टाका हवं तर. टाक गं नूतन."

विनीतचा फोटो चौकात लागला असता, तर संध्याकाळी पिवळ्या शर्टवाल्याने बाइक थांबवून वर बघितलं असतं. नूतनला ते दिसत होतं. नाही म्हणायला तिच्याकडे दहा कारणं होती आणि बाईने कुठलंही मुकाट मान्य केलं असतं. तिने माऊस हातात घेतला. शोकाकुलच्या खाली तिने एक चेहरा बसवला आणि स्क्रीन कौसाबाईकडे फिरवली.

"ही तर तू हायेस," कौसाबाई म्हणाली.

"हो मावशी. नाथाचं नाव मी सांगितलं त्यांना. पत्ताही. ते याचंही नाव विचारत होते. हा माझा नवरा, म्हणून मी तुमच्या मुलाला पुढे केलं. नंतर फोन करून सांगता आलं असतं, तोही केला नाही."

विनीतने डबा काउंटरवर ठेवला. त्याचा हात कौसाबाईच्या हातातून आपोआप सुटला. म्हातारीने एक हात वर उचलला. नूतनने मान मागे घेतली नाही, ती थप्पड तिला हवीच होती. पण तो हात तिच्यापर्यंत आला नाही. तो स्क्रीनवर गेला, नाथाच्या गालावर थोडा वेळ थांबला.

"राहू दे मग तुजाच," कौसाबाई म्हणाली. "मोठा कर. माझ्या लेकराच्या शेजारी घे. येनाऱ्याजानाऱ्या समद्यांना दिसू दे."

नूतनने फोटो मोठा केला आणि नाथाच्या शेजारी, विनीत होता त्या जागी, नेऊन ठेवला.