शंभराची मुकी चकती

मौन हे तपाचे अंग मानले गेले आहे आणि ते यथार्थ आहे. परंतु चारचौघांत बसून, त्यांच्या अभिवादनालाही उत्तर न देता जो गप्प राहतो, त्याच्या मौनाला तप म्हणणे हा तपाचा अपमान होय. फ्रेस्नो शहरातील वेंडेल ट्रास्क याला हा भेद कोणी शिकवला नव्हता. शिकवला असता तरी त्याने तो ऐकून घेतला नसता.

वेंडेल सासऱ्यांच्या फरशांच्या दुकानात काम करी. घरी संगणकावर पोकर खेळता खेळता तो स्वतःला त्या विद्येचा आचार्य समजू लागला होता. समोर जिवंत माणूस बसला आहे असा डाव मात्र त्याने कधीच खेळला नव्हता. जूनमधल्या एका रविवारी तो पत्त्यांच्या क्लबात जायला निघाला, तेव्हा त्याची पत्नी कोरीन म्हणाली, "आज जिंकून आलास तर दुकान सोड, बाबांना मी समजावते. हरलास तर हा विषय संपला. उद्या दुकान उघडायचं, तेही तोंड वाकडं न करता."

"बाबांना म्हणावं, दुसरा माणूस शोधा," वेंडेल म्हणाला. त्यानंतर त्याने मौन धारण केले.

दुपारच्या त्या टेबलावर सगळी निवृत्त मंडळी होती. बाहेर रस्त्यावरचे डांबर वितळत होते, आणि हा महापुरुष डोक्यावर जाड स्वेटरचे टोपडे ओढून, काळा चष्मा लावून, कानांवर जाडजूड हेडफोन चढवून, पैशांच्या बदल्यात मिळालेल्या चकत्या पुढ्यात मांडून बसला. पत्ते वाटणारी लूपे अदबीने म्हणाली, "पहिलीच वेळ ना, साहेब? एवढंच लक्षात ठेवा. बोली वाढवायची असेल तर तोंडानं सांगा. न बोलता एकच चकती टाकलीत, तर ती कितीही मोठी असली तरी आम्ही आधीच्या बोलीशी नुसती बरोबरी धरतो."

हेडफोनमधून काहीही वाजत नव्हते; ते केवळ शोभेचे होते. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला. परंतु बोलणाऱ्याचा आवाज कापतो आणि ज्याचा आवाज कापतो तो लुटला जातो, असे त्याने कुठेसे वाचले होते. तेव्हा नवख्याला बोलते करण्याची ही युक्ती असावी, असा निष्कर्ष या पंडिताने काढला.

शेजारी अराक्सीबाई होत्या, द्राक्षबागा सांभाळून म्हाताऱ्या झालेल्या आर्मेनियन विधवा. त्यांनी पिशवी पुढे केली. "जर्दाळू घे रे पोरा. घरचे आहेत."

वेंडेल ढिम्म.

"लूपे, मुका आहे का ग हा?"

"नाही हो, हुशार आहे."

टेबल खो खो हसले. वेंडेलने हनुवटी आणखी वर केली.

बऱ्याच वेळाने त्याच्या हाती दोन एक्के आले. मधोमध सगळ्यांना सामाईक अशी तीन पाने उघडी पडली: किलवर राजा, किलवर सत्ती आणि बदाम दुरी. अराक्सीबाईंनी वीस डॉलर लावले. वेंडेलने संथपणे, आरशासमोर गिरवलेल्या ऐटीत, शंभराची एक चकती पुढे टाकली.

लूपेने ऐंशी परत सरकवले. "बरोबरी."

"मी वाढवलं होतं!" मौन संपले.

"हे आत्ता म्हणालात, साहेब."

पुढचे पान उघडले: किलवर पंजी. संतापाने लाल झालेल्या वेंडेलने उरलेल्या सगळ्या चकत्या दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या. अराक्सीबाईंनी बरोबरी केली आणि आपले पत्ते उलटले. किलवर नव्वी, किलवर चव्वी. मधली तीन धरून झालेल्या पाच किलवरांपुढे एक्क्यांच्या जोडीची काय कथा? शेवटच्या पानानेही ती वाचली नाही.

"अरे, शंभर असं नुसतं म्हणाला असतास," चकत्या ओढून घेत त्या म्हणाल्या, "तर मी पत्ते टाकून जेवायला उठले असते. भूक लागलीय मला केव्हाची."

वेंडेलने चष्मा काढला. आतले डोळे साध्या, घाबरलेल्या माणसाचे होते. जगज्जेत्याचे सोंग उतरल्यावर फरशा विकणारा एक गृहस्थ तेवढा उरला, आणि तो सोंगापेक्षा बरा दिसत होता.

"जर्दाळू?" अराक्सीबाईंनी पिशवी पुन्हा पुढे केली.

"द्या," तो पुटपुटला. मग जरा मोठ्याने म्हणाला, "आभारी आहे, आजी."

दुसऱ्या दिवशी दुकान त्यानेच उघडले. पहिल्या गिऱ्हाइकाने सुप्रभात म्हटले, आणि त्याने उत्तर दिले.

त्याच्या घरात बोलणे नांदो. कोरीनने घातलेली अट त्याच्याकडून पाळली जावो. आणि अराक्सीबाईंना वेळेवर जेवण मिळो.