एकतीस तारखेचा शिक्का

एका सहीत सतराशे चाळीस डॉलर वाचणार होते. दोन हजार बाराच्या ऑगस्टमध्ये आयली कोस्केलाला एवढा नफा डोळ्यांसमोर दिसत होता, आणि तिची सही झाली की तिच्या शेजारी उमटायचं काम माझं होतं.

मित्रांनो, मी तारखेचा शिक्का. अंग लोखंडाचं, मूठ काळ्या लाकडाची. पोटात रबराचे चार पट्टे आहेत: एक महिन्याचा, दोन दिवसाचे, एक वर्षाचा. ओहायोतल्या एका कारखान्यात एकसष्ट साली माझा जन्म झाला. तिथून पेटीत बसून मी या मोठ्या सरोवराच्या काठच्या गावात आलो आणि विद्यापीठाच्या कचेऱ्यांतून फिरत फिरत शेवटी विद्यार्थी दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीवर रुजू झालो. वर्षाचा पट्टा संपायचा, नवा बसायचा. मूठ मात्र तीच राहिली.

मला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. इतर वस्तू रात्री झोपतात आणि सकाळी जशाच्या तशा उठतात. मी झोपतो तोच शिळा होऊन. सकाळी कुणीतरी अंगठ्याने मला एक घर पुढे सरकवलं की मगच मी खरा होतो. ते अंगठ्याचं काम एकोणीस वर्षं नेल ट्रेंबाथ बाईंचं होतं. बाई कोट काढायच्या आधी मला हातात घेत, नखाने पट्टा फिरवत, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकदा उमटवून बघत आणि म्हणत, "हं, आज आजच आहे." मग दुपारसाठी आणलेली बटाटा-मांसाची पेस्टी खणात ठेवत. साडेचार वाजता मलाही त्याच खणात ठेवत. त्यानंतर आलेला कागद उद्याचा. मुलं त्यांना 'लोखंडी बाई' म्हणत. खरं लोखंड माझं होतं, पण मान त्यांना मिळायचा.

त्या खिडकीवर माझ्या कौतुकाचेही दिवस होते. "शिक्का बसला का?" असं मुलं एकमेकांना विचारत आणि बसला म्हटल्यावर निःश्वास सोडत. मात्र तेव्हाचा विद्यापीठाचा विमा म्हणजे भोक पडलेली छत्री. वर्षाचा हप्ता सहाशे डॉलर, पण वीस हजारांच्या वर खर्च गेला की कंपनी हात झटकून मोकळी. बर्फावर पाय मोडला तर चालेल, कंबर मोडायची नाही.

मग देशाने कायदा बदलला. दोन गोष्टी एकदम झाल्या. आईबापांच्या विम्यावर मुलांना सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत राहता येऊ लागलं. आणि भोकाच्या छत्र्या विकायला बंदी आली, त्यामुळे विद्यापीठाची छत्री धड झाली आणि महागही झाली. ज्यांच्या घरी विमा होता ती सगळी मुलं 'नको' म्हणायला खिडकीशी लोटली. 'नको'चा अर्ज मुदतीत आला नाही, तर फीमध्ये हप्ता आपोआप चढायचा. एका ऑगस्टमध्ये मी दहा हजार वेळा 'नको'वर आपटलो असेन. शाईची गादी दोनदा कोरडी पडली.

त्या रांगेत आयली आली. वय वीस, नवव्या वर्षापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिन. सोबत वडील रेनो, कागदगिरणीत पस्तीस वर्षं यंत्रावर उभा राहिलेला माणूस. पाच शब्दांत काम होत असेल तर सहावा खर्च करायचा नाही, ही त्याची रीत.

"सतराशे चाळीस?" तो हप्त्याचा आकडा वाचून म्हणाला. "एवढ्यात माझ्या ट्रकचे चारही टायर येतात."

"ट्रकला साखर नाही, मिस्टर कोस्केला," नेलबाई म्हणाल्या. "गिरणीचा विमा पक्का आहे ना?"

"गिरणी आहे तोवर पक्का."

"आणि गिरणी कधीपर्यंत आहे?"

"माझ्या आजोबांच्या वेळेपासून लोक हेच विचारतायत, बाई."

आयली हसली. "घ्या ना सही, बाई. मिस्टर कोस्केला आज फार बोलले. उद्या घसा बसेल."

बाईंनी अर्ज पुढे सरकवला आणि पेनाने एका ओळीवर टकटक केलं. "हे वाच, पोरी. घरचा विमा गेला तर एकतीस दिवसांत इथे यायचं, मग मी तुला आमच्या विम्यात घेईन. बत्तिसाव्या दिवशी मी तुला ओळखणार नाही."

ही धमकी पोकळ नव्हती. आदल्याच वर्षी ब्रांट नावाचा एक मुलगा एक दिवस उशिरा आला होता. बाईंनी त्याचा कागद परत केला. त्याचं अपेंडिक्स त्याच हिवाळ्यात फुटलं, आणि बिलाचं कर्ज डोक्यावर घेऊन तो शिक्षण सोडून घरी गेला.

मी उमटलो: चोवीस ऑगस्ट. सतराशे चाळीस वाचले.

मित्रांनो, पुढचं मला खिडकीशी झालेल्या बोलण्यातून कळलं, तेही तुकड्यातुकड्यांत. सप्टेंबरच्या मध्याला गिरणीने दोनशे माणसं कमी केली. रेनो त्यात होता. महिनाअखेर विमा बंद झाला. हे त्याने मुलीला सांगितलं नाही. गावातून बातमी तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून रोज सकाळी डबा घेऊन तो ट्रकमध्ये बसायचा, सरोवराकाठी गाडी लावायचा आणि दुपारी घरी परत यायचा. आयलीचं औषध पहिल्यापासून तोच गावातल्या दुकानातून आणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वसतिगृहावर पोचवत असे. ऑक्टोबरमध्येही त्याने आणलं, रोख पैसे मोजून. पण दोन बाटल्यांच्या जागी एकच.

दोन नोव्हेंबरला, शुक्रवारी, बापलेक पुन्हा खिडकीशी उभे राहिले. आदल्या दिवशी आयली स्वतः औषध घ्यायला गेली होती आणि दुकानदाराने तिचं विम्याचं कार्ड परत सरकवलं होतं. तीस सप्टेंबरपासून मेलेलं कार्ड.

"पपा, सात आठवडे!" ती म्हणत होती. "सात आठवडे तू मला फोनवर सांगतोयस की कामावर गारठा आहे!"

"गारठा होताच. गाडीत."

"हा विनोद नाहीये!"

"मला वाटलं, गिरणी परत बोलावील."

"आणि बोलावेपर्यंत पोरीने साखर धरून ठेवायची होती का?" नेलबाई म्हणाल्या. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. मला मोजायची गरज नव्हती. एकतीस दिवस परवा संपले होते. पुढचा प्रवेश जानेवारीच्या मध्यावर. गिरणीचाच विमा पदरच्या पैशाने चालू ठेवायचा तर महिन्याला तेराशे, आणि सर्वांसाठी म्हणून जो नवा विमाबाजार कायद्याने कबूल केला होता तो उघडायला अजून वर्ष होतं.

रेनो पार्किंगच्या यंत्रात नाणी टाकायला बाहेर गेला. तो दाराबाहेर पडताच आयली खिडकीवर वाकली. "बाई, पपाला सांगू नका. दुकानात माल कमी आहे म्हणून एकच बाटली मिळाली, असं तो म्हणाला होता. मी महिनाभर अर्धाच डोस घेतेय."

"अगं बये! आणि त्याला बोलली नाहीस?"

"त्याला उगीच काळजी."

बाईंनी डोळे मिटले. "तुम्हां कोस्केलांना देवाने तोंड कशाला दिलं? फक्त कॉफी प्यायला?"

त्यांनी प्रवेशाचा अर्ज काढून दिला. आयलीने भरला, सही केली. बाईंनी मला उचललं, आणि मग जे घडलं ते माझ्या एक्कावन्न वर्षांत घडलं नव्हतं. नख पट्ट्यावर टेकलं आणि मागे फिरलं. दोनचा एक झाला. एकचा एकतीस झाला. नोव्हेंबरचा ऑक्टोबर झाला. मित्रांनो, पुढे जाताना माझे पट्टे सहज सरकतात. मागे जाताना ते करकरले. मी ताठ राहून बघितलं, पण अंगठा माझ्याहून बळकट होता. मी उमटलो: एकतीस ऑक्टोबर. लगेच बाईंनी मला पुन्हा आजवर आणून ठेवलं, जणू काही झालंच नाही.

मी मात्र त्या कागदावर टेकलो तेव्हा एक गोष्ट वाचली होती. माझ्यापासून बोटभर अंतरावर, सहीशेजारी, आयलीने आपल्या सुबक अक्षरात तारीख घातली होती: दोन नोव्हेंबर. त्या दिवशी जी होती ती. त्या घरात लोक दुःख लपवतील, भूक लपवतील, पण कागदावर खोटं लिहायचं त्यांच्या हातून होत नाही. बाईंनी ते पाहिलं नाही. अर्ज पाकिटात गेला. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो.

त्या रविवारी वसतिगृहाच्या धुलाईखोलीत आयली कोसळली. महिनाभराच्या अर्ध्या डोसांमुळे साखरेने एकदम उसळी घेतली. तीन दिवस अतिदक्षता विभाग, बिल अकरा हजार दोनशे डॉलर. विमा मागच्या एक ऑक्टोबरपासून लागू धरला गेला आणि कंपनीने बिल भरलं. पोरगी उठून बसली. रेनोने आपली बर्फावर पळवायची गाडी विकली आणि उरलेल्या वर्षाचा हप्ता, चौदाशे पन्नास, एकरकमी आणून दिला.

सगळे सुटले असं वाटत होतं. मी सुटलो नव्हतो. रोज सकाळी बाई म्हणत, "आज आजच आहे," आणि मला तो एकतीस ऑक्टोबर आठवायचा. टपालाची प्रत्येक पिशवी आली की मला वाटे, आली ती चौकशी.

ती मार्चमध्ये आली, कोट घालून. विमा कंपनीचे तपासनीस मिस्टर डेलब्रिज. प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच अतिदक्षता विभाग, हे त्यांच्या नजरेत खुपलं होतं. त्यांनी आयलीला बोलावून घेतलं आणि अर्ज टेबलावर ठेवला.

"ही तारीख तूच लिहिलीस?"

"हो. त्या दिवशी दोन नोव्हेंबर होती. दुसरी कुठली लिहिणार?"

नेलबाई अर्जावर वाकल्या. तेव्हा त्यांनी ती ओळ पहिल्यांदा वाचली.

"मुलगी म्हणते दोन, शिक्का म्हणतो एकतीस," डेलब्रिज म्हणाले. "पूर्वी मी विमा रद्द करून अकरा हजार परत मागितले असते आणि जेवायला गेलो असतो. नव्या कायद्याने ती सोय नाही ठेवली. अर्जदाराने स्वतः खोटं सांगितलं असेल तरच दिलेला विमा मागे घेता येतो. हिने तर खरं लिहिलंय." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे मुलगी सुटली. आता मला एवढंच लिहायचंय, खोटं कोण बोललं?"

बाईंनी त्या दिवशी आयलीची तारीख पाहिली असती आणि 'एकतीस लिही गं' म्हटलं असतं, तर पोरगी बुडाली असती. ते मला आत्ता कळत होतं, बाईंनाही कळत असावं. त्यांच्या निवृत्तिवेतनाला चौदा महिने उरले होते. त्यांनी मला उचलून टेबलावर ठेवलं.

"शिक्का चुकला," त्या म्हणाल्या. "जुना झालाय. चाक घसरतं त्याचं."

आयलीने तोंड उघडलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

डेलब्रिजनी मला हातात घेतलं आणि कोऱ्या कागदावर तीनदा आपटलं. मी तिन्ही वेळा स्वच्छ उमटलो: चौदा मार्च. तेवढंच माझ्या हातात होतं.

"आज तर चोख चालतोय."

"जुनी माणसंही पाहुण्यांसमोर नीट वागतात, साहेब."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग त्यांनी लिहिलं: 'उपकरण सदोष. बदलावे.'

आठवड्याभरात संगणकाला जोडलेलं नवं यंत्र आलं. त्याला अंगठा लागत नाही, त्यामुळे मागेही फिरवता येत नाही. मला खालच्या खणात टाकलं. पेस्टीचा वासही तिथवर येत नाही. माझा पट्टा चौदा मार्चवर थांबलाय, आणि बाहेर दिवस जाताना ऐकू येतात. दर सकाळी अंग सरकायला बघतं, पण सरकवणारं कुणी नाही. बाईंचा राग आला का, असं तुम्ही विचाराल. आला. अजूनही येतो, एक दिवसाआड.

मित्रांनो, माझं एवढं मागणं ऐका. औषध कमी पडलं, काम सुटलं, विमा गेला, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा. आपल्या माणसाला काळजी नको म्हणून गप्प बसाल, तर ती काळजी दुप्पट होऊन दवाखान्यात भेटते. तारखा कुणासाठी थांबत नाहीत. मी थांबलोय, तो खणात आहे म्हणून.

आता कोणी काय भरलं तेवढं सांगतो. रेनोने गाडी भरली. आयलीने तीन दिवस भरले, आणि एकदा गप्प राहिली तेही तिला जड गेलं असणार. नेलबाईंना निवृत्तिवेतन पुरतं मिळालं. अकरा हजार दोनशे कंपनीच्या वहीत कंपनीने भरले असं आहे. पण पुढच्या ऑगस्टला हप्ता वाढला, आणि खिडकीशी मुलं कुरकुरत तो भरत होती हे मी खणातून ऐकलं. चार हजार मुलं त्या विम्यात होती. आयलीच्या बिलाचे माणशी दोन डॉलर ऐंशी सेंट पडतात, एका कॉफीचे पैसे. पैसे असे सगळ्यांनी मिळून भरले, कुणाला पत्ता न लागता. त्या तारखेचं खोटं तेवढं वाटून घेता येत नव्हतं. ते एकट्या माझ्या नावावर लागलं.