गवत पडते त्या बाजूला

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी इंदिरानगरमधल्या एका रो-हाउस सोसायटीच्या मोकळ्या जागेत गवत कापणाऱ्या मशीनची तार तुटली आणि तिचा तुकडा लंकाबाईच्या उजव्या डोळ्यात शिरला. मशीन तिच्या नवऱ्याच्या, गोरक्षच्या खांद्याला लटकत होती. त्याला काही कळले नाही. तो पुढे जात राहिला.

सोसायटीचे सेक्रेटरी किशोर कुलथे गॅलरीतून दोन्ही हात हलवत ओरडत होते. मशीनच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. गोरक्षला वाटले, कुंपणाकडचे गवत राहिले म्हणून साहेब दाखवतात. तो कुंपणाकडे वळला, तेव्हा त्याला लंकाबाई दिसली. ती कापलेल्या गवताच्या ढिगावर बसली होती. एका हातात गवत ओढायचे दाताळे होते आणि दुसऱ्या हाताचा तळवा डोळ्यावर.

त्याने मशीन बंद केली. "काय झालं गं?"

"खडा लागला वाटतं. रगत येतं का बघ."

तिने तळवा काढला. रक्त फारसे नव्हते. त्याच्या जिवात जीव आला. मग त्याने नीट पाहिले.

कुलथे अनवाणीच खाली आले. त्यांनी गाडी काढली आणि तिला मागच्या सीटवर बसवले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत लंकाबाई एकदाच बोलली. "दाताळं तिथंच राह्यलं," ती म्हणाली, "कुणी नेलं तर?"

सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरला. "खडा नाही," त्या म्हणाल्या. "धातू आहे. बारीक तारेसारखा. काय वापरत होतात?"

"क्लचची तार," गोरक्ष म्हणाला.

त्यांनी ते लिहून घेतले आणि लंकाबाईला आत नेले.

दोघे हरसूलच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचे. पाऊस ओसरला की नाशिकला यायचे, पाथर्डीत खोली घ्यायची आणि बंगल्यांतले, सोसायट्यांतले, रिकाम्या प्लॉटांवरचे वाढलेले गवत कापायचे. पूर्वी हे काम विळ्याने चाले. विळ्याला डावा हात लागतो. डाव्या मुठीत गवताचा झुपका आवळून धरायचा आणि उजव्या हाताने विळा बुडाशी टेकवून आपल्याकडे ओढायचा. मूठ सैल असली तर काडी पात्यापुढे नुसती वाकते आणि विळा घसरून बोटावर येतो. गोरक्षच्या डाव्या करंगळीवर तशी एक खूण आहे. गोरक्ष कापत पुढे सरकायचा आणि त्याच्या डाव्या हाताने टाकलेले झुपके लंकाबाई मागून उचलायची. ती इतकी जवळ असे, की झुपका पुष्कळदा जमिनीवर पडायच्या आतच तिच्या हातात जाई. काम झपाझप व्हायचे. बोलणेही व्हायचे. पाड्यावर सगळे असेच कापतात. एक पुढे, एक त्याच्या पाठीशी.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मशीन घेतली. ज्याच्याकडून घेतली तो महेश सिडकोत मशिनी दुरुस्त करतो. त्याने दुकानाबाहेरच चालू करून दाखवली होती. खाली गोल डबी, तिच्यातून बाहेर आलेली नायलॉनची दोरी. लंकाबाईने दोरी बोटाने वाकवून पाहिली होती.

"यानं गवत कापतं? याच्यानं तर लुगडंबी वाळत घालता यायचं नाय."

"मावशी, दोरी कापत नाही, वेग कापतो," महेश म्हणाला. "काडीला धरायला कुणी नाही, बरोबर? मग ती वाकायला पाहिजे. पण वाकायलाही जरा वेळ लागतो. दोरीचं टोक तिला तेवढा वेळच देत नाही. काडी जागची हलायच्या आत तुटलेली असते. रेस कमी केलीत ना, की बघा, गवत वाकतं आणि डबीला गुंडाळतं. म्हणून रेस फुल ठेवायची."

"म्हंजे डाव्या हाताचं काम गेलं," लंकाबाई गोरक्षला म्हणाली. "निम्मा तू रिकामा झालास."

डाव्या हाताचे काम गेले, पण मागे चालायची रीत राहिली. मशीन गोल फिरते आणि कापलेले गवत डावीकडे फेकते. ढीग डावीकडे होतो. ढीग भरणारी बाई डावीकडेच, मागे, दाताळे घेऊन. लांब उभे राहावे हे कोणी सांगितले नव्हते असे नाही. मशीनच्या दांड्यावर माणसाचे चित्र होते आणि त्याच्यापासून चारी बाजूंना बाण. ते चित्र दोघांनीही पाहिले होते. पण गोरक्ष लांबचा पट्टा कापून पुढे गेल्यावर लंकाबाईने एकटीने मागे थांबून राहायचे, हे दोघांच्याही अंगात बसत नव्हते.

ओले गवत अडकून मशीन बंद पडे, म्हणून पहिल्याच हंगामात गोरक्षने डबीवरचे, उडणारे तुकडे अडवणारे गार्ड काढून टाकले. नायलॉनची दोरी खडीवर आणि कट्ट्याच्या सिमेंटवर घासून झिजे, म्हणून दुसऱ्या हंगामात त्याने तिच्या जागी स्कूटरच्या क्लचची जुनी तार ओवली. त्याच्या ओळखीचे आणखी दोघे तिघे तसेच करत होते. तार झिजत नाही. एक तार चार दिवस जाते. नवरात्राच्या आधी सगळ्याच सोसायट्यांना गरब्यासाठी जागा मोकळी हवी असते आणि सगळ्यांना ती त्याच आठवड्यात हवी असते.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. तुकडा त्यांनी पहिल्याच दिवशी काढला होता, जखमही शिवली होती. त्यांनी लंकाबाईचा डावा डोळा जाड कापसाने झाकला आणि हातात बॅटरी घेतली.

"उजेड दिसला की सांगा."

बॅटरीचा खटका वाजला. "दिसला," लंकाबाई म्हणाली.

खटका वाजला. "गेला."

खटका. "दिसला."

गोरक्ष खाटेच्या पायथ्याशी उभा होता. पहिल्या दोन वेळा त्याने हात जोडले. तिसऱ्या वेळी जोडलेले हात त्याने खाली घेतले. खटका त्यालाही ऐकू येत होता.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी टेबलावर ठेवली आणि खिशातून मोबाईल काढला. त्याचा दिवा आवाज न करता लागतो. त्यांनी तो तिच्या डोळ्यासमोर धरला, बाजूला नेला, परत आणला. लंकाबाई खटक्याची वाट पाहत होती. बराच वेळ काहीच झाले नाही, तेव्हा ती अंदाजाने म्हणाली, "दिसला." त्या वेळी मोबाईल डॉक्टरीणबाईंच्या खिशात होता.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी गोरक्षला समजावले. हा डोळा आता पाहणार नाही. पण प्रश्न याच डोळ्याचा नाही. डोळ्याच्या आतला भाग शरीराला कधी ओळखीचा नसतो, तो बंद कप्प्यात असतो. कप्पा फुटला की शरीर त्याला परका समजून त्याच्यावर उलटते आणि मग कधी कधी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यावरही. असे क्वचितच होते. झाले तर ती पूर्ण आंधळी होऊ शकते. गेलेला डोळा पंधरा दिवसांच्या आत काढून टाकला, तर तो धोका जवळपास राहत नाही.

"तुम्ही सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "माझं नाही ऐकत त्या. तुमचं ऐकतील."

त्याने त्याच संध्याकाळी सांगितले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले तसेच सांगायचा प्रयत्न केला. मधला कप्प्याचा भाग त्याला जमला नाही.

लंकाबाई बिस्किटे चहात बुडवून खात होती. "मला दिसतं," ती म्हणाली.

"नाय दिसत, लंके. मी होतो तिथं."

"बरं, नाय दिसत. पण ठणकतो लय. ठणकतो म्हंजे जिता हाय ना? मेलेलं काय दुखतं का?"

"त्या म्हणतात, दुसरा जाईल."

"जाईलच म्हणतात का?"

"एखाद्याचा जातो म्हणतात."

"मग एखाद्याचा." तिने कप खाली ठेवला. ती रागावलेली नव्हती. उजवी बाजू दिसत नसल्यामुळे त्याच्याकडे पाहायला तिला सगळी मान वळवावी लागली. "एकदा तू कापलंस. आता पुन्हा कापून घे म्हणायलाबी तूच आलास?"

त्यानंतर गोरक्षने तो विषय काढला नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारले. तो म्हणाला, "बोलतो." दोन्ही वेळा तो आत गेला, पाण्याची बाटली भरून ठेवली आणि बाहेर आला. दुसरे कोणीही हे बोलले असते तर लंकाबाईने कदाचित ऐकले असते. पण दुसरे जवळचे कोणी नव्हते. मुलगी लग्न होऊन वापीला होती, आठ महिन्यांची पोटुशी. आईला खडा लागला एवढेच तिला कळवले होते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कुलथ्यांचा फोन आला. त्यांनी आधी लंकाबाईची चौकशी केली, मनापासून केली. मग म्हणाले, "गोरक्ष, तुमच्याकडूनच व्हावं असं काही नाही... पण ते अर्धं गवत तसंच आहे. मुलं खेळतात, साप वगैरे निघाला तर..."

"येतो साहेब."

तो आधी महेशकडे गेला. महेशने डबी उघडली, आत राहिलेली तार ओढून काढली आणि तिचे टोक भिंगाखाली धरले. तारेतले पीळ एकेक करून तुटलेले होते, प्रत्येक वेगळ्या जागी.

"कट्ट्याला लागली असंल का?" गोरक्षने विचारले. "दगडाला? येखादा दगड मधी आला असंल, त्याच्यानं?"

गोरक्षला काय ऐकायचे आहे ते महेशला कळले असावे. त्याने भिंग खाली ठेवले.

"नाही गोरक्षभाऊ. दगड कशाला लागतो? डबीच्या भोकाशी ती दर फेऱ्याला वाकते. एका मिनिटात हजारो वेळा. एकेक पीळ सुटत जातो, शेवटचा सुटला की गेली. नायलॉनही तुटतं, पण ते हलकं. वाऱ्यानंच त्याचा जोर मरतो, फार तर पायाला चटका बसतो. तारेला वारा काय करणार? ती टोकाला असते तेव्हा ज्या वेगात असते, त्याच वेगात सरळ सुटते."

"सरळ म्हंजे कुठं?"

"गार्ड नसलं की कुठंही. पण जास्त करून गवत पडतं तिकडंच."

गोरक्षने नायलॉनची दोरी भरून घेतली. गार्डही लावून घेतले. महेशच्या दुकानात जुनी गार्ड्स टांगलेली असत, लोकांनी काढून टाकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उरलेले गवत कापायला घेतले. ढीग भरायला सुमनबाई नावाची बाई आणली होती. तिला त्याने मशीन चालू करायच्या आधी कुंपणाजवळ उभे केले आणि सांगितले, मी थांबेपर्यंत तिथून हलायचे नाही. दोनदा मागे वळून पाहिले तेव्हा ती तिथेच होती. तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा ती त्याच्या डाव्या अंगाला, ढिगावर वाकलेली होती. त्याने मशीन बंद करून शिवी दिली. सुमनबाईने दाताळे टाकले. "मंग ऊन व्हईस्तवर हितं शोभेला उभी राहू का? तुमचं गवत वाऱ्यानं पसरतंय, ते दिसतंय का तुमाला?" नंतर ती लांब राहिली, पण सगळा वेळ तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. काम दुपारपर्यंत लांबले. संध्याकाळी त्या जागेत मंडप उभा राहिला.

दवाखान्यातून सुटी मिळताना डॉक्टरीणबाईंनी लंकाबाईच्या हातात थेंबांच्या बाटल्या दिल्या आणि एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. डावा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी यायचे. दुसऱ्या दिवशी नाही. लंकाबाईने मान हलवली. पंधरा दिवस दसऱ्यानंतर संपले. त्या दिवशी गोरक्ष गंगापूर रोडला एका बंगल्यात काम करत होता. तो दिवस कोणता आहे हे त्याला सकाळपासून माहीत होते. लंकाबाई खोलीत होती. रात्री दोघे जेवले. तिने भाकरी तव्यावर टाकताना पहिल्यांदा अंदाज चुकला, मग चुकला नाही.

भात कापणीला आला तेव्हा ती पाड्यावर गेली. गोरक्षला दिवाळीपर्यंत नाशिकमध्ये कामे होती. रोज संध्याकाळी तो पाड्यावरच्या शेजाऱ्याच्या, भिकनच्या मोबाईलवर फोन करी. पाड्यावर रेंज टेकडीवरच मिळते, म्हणून बोलणे थोडक्यात होई.

बुधवारी ती म्हणाली, भात बरा आहे, उंदरांनी खाल्ले थोडे.

गुरुवारी ती हरसूलच्या बाजाराला गेली होती. परत येताना उन्हाने डोळ्याला फार टोचले, पदर ओढून चालावे लागले, असे तिने सांगितले.

"कंच्या डोळ्याला?"

"एकच तर हाय."

"लाल हाय का?"

"मला कसा दिसंल? भिकन म्हणतो, जरा हाय. धूळ गेली असंल. भाताची झोडणी चाललीय इथं."

गोरक्षने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी मधेच थांबवले. "आज आणा," त्या म्हणाल्या. "आत्ता निघायला सांगा. थेंब, गोळ्या, काय जे आहे ते लगेच सुरू करावं लागेल. एक दिवसही नको."

त्याने भिकनला परत लावले. भिकन म्हणाला, सांगतो. तासाभराने भिकनचाच फोन आला. लंकाबाईने विचारले होते, तिथे नेऊन पुन्हा कापायचेच सांगणार आहेत का?

"नाय म्हणावं," गोरक्ष ओरडला. "थेंब हायेत म्हणावं. नुसते थेंब. आता कापून उपेग नाय म्हणावं."

शुक्रवारी पहाटे तो मिळेल त्या गाडीने निघाला. सकाळी हरसूलला उतरला तेव्हा पाड्यावरची जीप खाली येऊन नाशिकच्या रस्त्याला लागली होती. जीप भरलेली होती आणि मागच्या बाकावर पदर पुढे ओढलेली एक बाई होती, असे चहावाल्याने सांगितले. ती लंकाबाई होती का, हे त्याला सांगता आले नाही. भिकनचा मोबाईल बंद होता. डॉक्टरीणबाईंनी दुपारी एक वाजता फोनवर सांगितले, दवाखान्यात अजून कोणी आलेले नाही.